सोपं लिहिणाऱ्याचा सन्मान : रसेल, दोन पुरस्कार आणि आपली समीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार आणि इंग्रजी लेखक-विचारवंत' असा जाहीर झालाय. एका तासात न मावणारा विषय आहे हा. किपलिंगला १९०७ साली नोबेल मिळालं तिथपासून सुरुवात केली, तर गॉल्सवर्दी, गोल्डिंग, पिंटर, डोरिस लेसिंग, इशिगुरो अशी नावं घेता घेताच वेळ संपेल. नावांची यादी तर तुम्हाला घरी बसून कुठेही मिळते. तेव्हा आपण यादी बाजूला ठेवू आणि एकाच माणसाकडे नीट पाहू. तो गणितज्ञ होता, तत्त्वज्ञ होता, आणि त्याला नोबेल मिळालं ते साहित्याचं. बर्ट्रांड रसेल.

रसेलचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. 'मॅरेज अँड मॉरल्स' आणि 'द कॉन्क्वेस्ट ऑफ हॅपिनेस' ही पुस्तकं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. विवेकवाद म्हटलं की रसेल, देव मानत नाही म्हटलं की रसेल, असं आपलं समीकरण ठरून गेलंय. आज मात्र त्याच्या मतांबद्दल आपण कमीत कमी बोलणार आहोत. त्याने ती मतं ज्या गद्यात मांडली, त्या गद्याबद्दल बोलायचंय. आमची तक्रार अशी आहे की रसेलला दोन मोठे आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण दोन्ही वेळा त्याच्या लेखनातली नेमकी जी गोष्ट दाद देण्यासारखी होती, तिचं नाव कुणी घेतलं नाही. आणि मराठीत आपण आजही तेच करतो.

आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणू. डिसेंबर १९५०, स्टॉकहोम. त्या वर्षी साहित्याचे दोन मानकरी एकाच समारंभाला हजर होते. १९४९ चा पुरस्कार राखून ठेवला होता, तो विल्यम फॉकनरला मिळाला आणि १९५० चा रसेलला. म्हणजे एका बाजूला अमेरिकन कादंबरीकार, ज्याचं एकेक वाक्य कधीकधी पान दीड पान संपत नाही. आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा इंग्रज, ज्याच्या नावावर तोवर ना कादंबरी होती, ना कवितासंग्रह, ना नाटक. गंमत म्हणजे रसेलने कथासंग्रह काढले ते नोबेल मिळाल्यावर, १९५३ आणि १९५४ साली, ऐंशी ओलांडल्यावर! त्या कथांसाठी आज कुणी रसेल वाचत नाही.

मग साहित्याचं पारितोषिक कशाबद्दल? नोबेलच्या नियमावलीतच याची सोय आहे. साहित्य म्हणजे फक्त ललित लेखन नव्हे; ज्या इतर लेखनाला त्याच्या रूपामुळे आणि मांडणीमुळे साहित्यमूल्य आलेलं आहे, तेही साहित्यच, असं ती नियमावली सांगते. म्हणून तर पुरस्काराच्या दुसऱ्याच वर्षी, १९०२ साली, रोमचा इतिहास लिहिणाऱ्या मॉमसेनचा सन्मान झाला. पुढे १९०८ साली ऑयकेन आणि १९२७ साली बर्गसाँ हे दोन तत्त्वज्ञ आले. मग रसेल, आणि १९५३ साली चर्चिल. चर्चिलनंतर मात्र हा दरवाजा जवळजवळ बंदच झाला. थेट २०१५ साली स्वेतलाना अलेक्सिएविचच्या वेळी तो पुन्हा उघडल्याची चर्चा झाली.

आता नियमात शब्द आहेत 'रूप' आणि 'मांडणी'. पण रसेलच्या मानपत्रात काय म्हटलंय? त्याच्या विविध आणि महत्त्वाच्या लेखनाचा, ज्यात मानवतावादी आदर्शांचा आणि विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार आहे, असा गौरव केलाय. वाचायला छान आहे. पण बारकाईने पाहा, यात गौरव आदर्शांचा आहे. ते आदर्श मांडणाऱ्या वाक्याचा नाही. चर्चिलच्या मानपत्रात निदान ऐतिहासिक वर्णनावरचं प्रभुत्व आणि वक्तृत्व यांचा उल्लेख आहे. रसेलच्या बाबतीत तेवढंही नाही. एखाद्या गवयाला पुरस्कार द्यावा आणि म्हणावं, 'यांनी निवडलेले अभंग फार चांगले होते', तसं झालं हे.

दुसरा पुरस्कार आपल्या देशाशी जोडलेला आहे. ओडिशाचे बिजू पटनाईक यांच्या देणगीतून युनेस्कोने 'कलिंग पुरस्कार' सुरू केला. विज्ञान सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवणाऱ्यांसाठी हा पुरस्कार. १९५२ साली पहिला मान मिळाला फ्रेंच पदार्थवैज्ञानिक लुई द ब्रॉय्यीला, १९५३ साली ज्युलियन हक्सलीला, आणि १९५७ साली बर्ट्रांड रसेलला. रसेलने १९२३ साली अणूवर आणि १९२५ साली सापेक्षतेवर सामान्य वाचकासाठी पुस्तकं लिहिली होती. दोन्हींच्या नावात 'एबीसी' होतं, आपण 'धुळाक्षरं' म्हणू. तेव्हा पुरस्कार योग्यच होता. पण तो कशासाठी? विज्ञानाच्या प्रसारासाठी.

म्हणजे हिशोब बघा कसा झाला. एका पुरस्काराने आदर्शांचा सन्मान केला, दुसऱ्याने प्रसाराचा. या दोहोंच्या मध्ये जे उभं आहे, ते समजावणारं गद्य, ते तसंच राहिलं. जणू लेखक म्हणजे नळ आहे. विहिरीतलं पाणी चांगलं, लोकांच्या घरी पोहोचलं हेही चांगलं. नळाचं काय एवढं!

आम्हाला वाटतं, समजावून सांगणं हे नळाचं काम नाही. ती रचना आहे. कादंबरीइतकीच अवघड, कादंबरीइतकीच तपासून बघण्यासारखी. म्हणून आज आपण रसेलच्या गद्यातल्या तीन गोष्टी तपासू : क्रम, उदाहरण आणि कबुली. आणि मग हे गद्य कुठे फसतं, तेही बघू. नुसती स्तुती केली तर आपणही मानपत्रच लिहितोय असं होईल.

पहिली गोष्ट, क्रम.

१९१२ सालचं 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' घ्या. छोटं पुस्तक आहे, सामान्य वाचकांसाठीच्या स्वस्त मालेत निघालेलं. रसेल स्वतः थट्टेने त्याला एक शिलिंगची सनसनाटी कादंबरी म्हणायचा. त्याच्या थोडंसं आधी तो काय करत होता ते आठवा. व्हाइटहेडबरोबर 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'. तीन जाडजूड खंड, १९१० ते १९१३. त्यात एक अधिक एक बरोबर दोन या सिद्धतेपर्यंत पोहोचायला वाचकाला पहिल्या खंडाची साडेतीनशेहून अधिक पानं उलटावी लागतात. दहा वर्षांची मेहनत, आणि छपाईचा तोटा भरून काढायला दोघा लेखकांना प्रत्येकी पन्नास पौंड पदरचे घालावे लागले. रसेलने पुढे आत्मचरित्रात हा उणे पन्नास पौंडांचा हिशोब मोठ्या मजेने सांगितलाय.

असा माणूस सामान्य वाचकासाठी तत्त्वज्ञानाचं पुस्तक लिहायला बसतो, तेव्हा सुरुवात कुठून करतो? व्याख्येपासून? ग्रीकांपासून? नाही. पहिल्याच वाक्यात तो एक प्रश्न टाकतो : कुणाही समंजस माणसाला शंका घेता येणार नाही, असं पक्कं ज्ञान जगात आहे का? आणि मग लगेच वाचकाला बसवतो टेबलापाशी. टेबल कुठल्या रंगाचं आहे? तपकिरी. पण उजेड पडतो तिथे ते पांढुरकं दिसतं. तुम्ही जागा बदललीत की ती चकाकणारी जागाही सरकते. दोघांना एकाच क्षणी ते अगदी सारखं दिसणं शक्यच नाही. मग 'टेबलाचा रंग' नावाची गोष्ट आहे कुठे? हात लावला तर गुळगुळीत, पण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर खडबडीत. मग खरं टेबल कुठलं?

टेबलच का निवडलं? वाचक पुस्तक वाचताना बहुधा टेबलाशीच बसलाय म्हणून! त्याने नुसती मान वर केली तरी प्रयोग सुरू होतो. आणि क्रम बघा. रंग आधी, कारण रंगाबद्दल आपल्याला मुळातच थोडी शंका असते. मग पोत, मग आकार, मग स्पर्श. आपला विश्वास ज्यावर कमी तिथून सुरुवात, आणि जिथे आपण अगदी निर्धास्त असतो तिथे शेवट. जिना चढवावा तसं हे चढवणं आहे. पहिलीच पायरी उंच असती, तर वाचक खालीच थांबला असता. हा क्रम उलटा करून बघा, मजकूर तोच राहील आणि पुस्तक पडेल. आता ही जर रचना नसेल, तर रचना कशाला म्हणायचं?

दुसरी गोष्ट, उदाहरण. इथे आपण नोबेलच्याच व्याख्यानाकडे येऊ. ११ डिसेंबर १९५० ला रसेलने ते दिलं. विषय होता, राजकारणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या इच्छा कोणत्या. तो म्हणतो की पोट भरलं की प्राणी शांत होतो, माणूस होत नाही. माणसाच्या काही इच्छा कधीच पुरत नाहीत आणि त्यातल्या चार मुख्य आहेत : संचयाची हाव, चढाओढ, मिरवण्याची हौस आणि सत्तेची ओढ.

आता संचयाची हाव कशी समजावणार? एखाद्याने भांडवलशाहीचा इतिहास काढला असता. रसेल सांगतो दोन मुलींची गोष्ट. एस्टोनियात दुष्काळ पडला, त्यात उपासमारीने मरता मरता वाचलेल्या दोन लहान मुली त्याच्या घरी राहायला होत्या. घरात खायला भरपूर होतं. पण रिकामा वेळ मिळाला की या मुली आजूबाजूच्या शेतांवर जायच्या, बटाटे चोरायच्या आणि साठवून ठेवायच्या. एवढंच. आणि या बटाट्यांच्या पाठोपाठ तो रॉकफेलरला आणून उभा करतो. लहानपणी गरिबी पाहिलेला, मोठेपणी त्याच रीतीने वागणारा.

या उदाहरणात काय काय घडतं ते मोजा. मुलींबद्दल हळहळ व्यक्त करणारं एकही विशेषण नाही. आपण ऐकतो दुष्काळ, आपल्या पोटात कालवतं. मग ऐकतो बटाट्यांची चोरी, थोडं हसू येतं. आणि हसत असतानाच रॉकफेलर येतो, तेव्हा लक्षात येतं की जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाची हाव म्हणजे भीतीचंच एक रूप आहे. करुणा, हसू आणि सिद्धान्त, तीन-चार वाक्यांत. शिवाय बाजूने एक सूचना आहेच : त्या मुलींवर रागावता येत नाही, मग रॉकफेलरवर किती रागवायचं? रसेल हे बोलत नाही. तो फक्त दोघांना शेजारी बसवतो. आपल्याकडे कथेबद्दल बोलताना आपण यालाच सूचकता म्हणतो. मग ते वैचारिक गद्यात आलं की त्याचं नाव का घेत नाही?

याच व्याख्यानात पुढे तो थरारक अनुभवांच्या भुकेबद्दल बोलतो. शिकार करून जगणाऱ्या पूर्वजांचं शरीर आपल्याला मिळालंय आणि काम मात्र बैठं. मग ही ऊर्जा युद्धात वाट शोधते. त्यावर त्याचा उपाय : प्रत्येक मोठ्या शहरात कृत्रिम धबधबे बांधावेत, लोकांनी तकलादू होड्यांतून त्यावरून खाली यावं, आणि पोहण्याच्या तलावात यांत्रिक शार्क मासे सोडावेत. आपणच आधी युद्ध सुरू करावं असं सुचवणारा जो कुणी असेल, त्याला रोज दोन तास या माशांच्या स्वाधीन करावं!

सभागृह हसलं असेल. आपणही हसतो. पण हा विनोद जरा हातात धरून ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचंय.

तिसरी गोष्ट, कबुली.

'हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी' हे १९४५ सालचं पुस्तक. ते व्याख्यानांतूनच निघालं. १९४० साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधली त्याची नेमणूक कोर्टाने रद्द केली, त्याच्या लग्न आणि नीतीविषयक मतांवरून गदारोळ झाला. वय अडुसष्ट, युद्धाचे दिवस, घरी मुलं, आणि अमेरिकेत काम मिळेना. मग पेनसिल्व्हेनियातल्या बार्न्स फाउंडेशनमध्ये व्याख्यानं मिळाली. तिथेही पुढे बिनसलं, पण त्या व्याख्यानांतून हे पुस्तक उभं राहिलं आणि म्हातारपणी त्याला आर्थिक स्थैर्य देऊन गेलं. पोटासाठी लिहिलेलं म्हणजे हलकं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्यातलं नीत्शेवरचं प्रकरण बघा. रसेलला नीत्शे आवडत नाही, हे पहिल्या पानापासून कळतं. टीका करून करून तो एका जागी पोहोचतो, जिथे युक्तिवाद संपतो. मग तो काय करतो? चक्क नाटक लिहितो. परमेश्वरासमोर बुद्ध आणि नीत्शे यांना उभं करतो. जग कसं असावं, याचा सल्ला द्यायला दोघांनाही सांगितलंय. बुद्ध बोलतो कुष्ठरोग्यांबद्दल, गरिबांबद्दल, दुःखितांबद्दल. नीत्शे त्याची टर उडवतो : सामान्य माणसं दुःख भोगतात म्हणून रडत काय बसायचं, थोरांकडे बघ.

दोन्ही बाजू मांडून झाल्यावर रसेल जे करतो, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. तो सांगतो की मी बुद्धाच्या बाजूचा आहे, पण गणितात किंवा विज्ञानात जशी सिद्धता देता येते, तशी बुद्धच बरोबर आहे याची सिद्धता मला देता येत नाही. विचार करा. ज्या माणसाने एक अधिक एक दोन सिद्ध करायला आयुष्याची दहा वर्षं घालवली, तो वाचकाला सांगतोय, की इथे माझं हत्यार चालत नाही. इथून पुढे आहे ती माझी निवड.

हे नीत्शेवर अन्यायकारक आहे का? आहे. नीत्शेच्या अभ्यासकांनी तसं अनेकदा म्हटलंय आणि त्यांचं बरोबर आहे. रसेलचा नीत्शे हा महायुद्धाच्या काळात, हिटलरच्या सावलीत रंगवलेला नीत्शे आहे. पण अन्याय करतानाही तर्क कुठे संपला आणि पसंती कुठे सुरू झाली, ती रेघ लेखकाने वाचकाला दाखवली. समजावणाऱ्या गद्याची नीतिमत्ता असलीच तर ती ही. वाचक लेखकावर विसंबलेला असतो. त्याच्याकडे मूळ ग्रंथ नसतात. अशा वेळी 'हे ज्ञान आहे आणि हे माझं मत आहे' असं सांगणं, ही शैलीतलीच गोष्ट आहे, शैलीबाहेरची नव्हे.

आता दुसरी बाजू. हे गद्य फसतं कुठे?

ते फसतं ते ही रेघ दाखवायची राहून जाते तिथे. त्याच ग्रंथात कांट आणि हेगेलवरची प्रकरणं वाचा. तिथेही भाषा तितकीच स्वच्छ, विनोद तितकाच धारदार. पण एखादा अवघड विचार एका मिश्कील वाक्यात गुंडाळून बाजूला ठेवला जातो, आणि वाचकाला वाटतं, झालं, समजलं! प्रत्यक्षात त्याला समजलेलं असतं ते रसेलचं हसू. स्वच्छ वाक्याचा हाच धोका आहे. दुर्बोध लेखक चुकला तर आपण सावध असतो, त्याच्यावर आधीच वैतागलेलो असतो. सुबोध लेखक चुकला तर आपण त्याच्याबरोबर आनंदाने चुकतो.

आणि आता त्या यांत्रिक शार्ककडे परत येऊ. १९५० साली आगाऊ युद्धाची भाषा करणाऱ्याला शार्कच्या तोंडी देणारा हाच रसेल. पण १९४५ ते १९४८ या काळात त्याने स्वतः काय मांडलं होतं? अणुबाँब फक्त अमेरिकेकडे आहे तोवर रशियाला आंतरराष्ट्रीय नियंत्रण मान्य करायला लावावं, प्रसंगी युद्धाची धमकी देऊनसुद्धा. पुढे काही काळ त्याने हे नाकारलंही. १९५९ साली बीबीसीवरच्या मुलाखतीत मात्र कबूल केलं. आणि याच दोन्हींच्या मध्ये, १९५५ साली, आइन्स्टाइनबरोबरचं अण्वस्त्रविरोधी आवाहन रसेलनेच लिहिलं. त्यावर सही करणाऱ्यांत सेसिल पॉवेल होता. १९५० च्या स्टॉकहोम समारंभात पदार्थविज्ञानाचं नोबेल घेणारा इंग्रज तो हाच.

आम्ही हे रसेलची खोडी काढायला सांगत नाही. माणसं मतं बदलतात, आणि हा बदल तर चांगल्या दिशेने झाला. मुद्दा गद्याचा आहे. धमकी सुचवणारं गद्य आणि शांततेचं आवाहन करणारं गद्य, दोन्ही सारखीच स्वच्छ होती. दोन्हींत वाक्यं छोटी, तर्क सरळ, आवाज समंजस. तेव्हा, सोपं म्हणजे खरं नव्हे. सोपेपणाने फक्त एक गोष्ट होते : चूक कुठे आहे ते शोधायला वाचकाला जागा मिळते. ती जागा वापरायची की नाही, हे वाचकाच्या हातात. आणि ते वापरायला शिकवणं हे समीक्षकाचं काम.

इथून आपण आपल्याकडे येऊ. येण्याचं कारणही आहे. कलिंग पुरस्काराच्या यादीत १९६७ साली एक इंग्रज नाव आहे, फ्रेड हॉइल. यॉर्कशायरचा खगोलशास्त्रज्ञ. बीबीसीवरच्या भाषणांनी घराघरांत पोहोचलेला. 'बिग बँग' हा शब्द त्यानेच रेडिओवर बोलताना वापरला, आणि तोही न पटणाऱ्या सिद्धान्तासाठी! ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात यावरच्या त्याच्या कामाची थोरवी सर्वमान्य होती, तरी १९८३ चं नोबेल त्याचा सहकारी फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळालं, हॉइलला नाही. या हॉइलचे केंब्रिजमधले विद्यार्थी आणि पुढे सहकारी म्हणजे आपले जयंत नारळीकर. आणि १९९६ सालच्या कलिंग पुरस्काराचे मानकरीही तेच.

नारळीकरांनी मराठीत लिहायला सुरुवात कशी केली, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आद्याक्षरं उलटी करून! कारण त्यांना आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू द्यायचं नव्हतं. आता याच्या शेजारी रसेलचं एक म्हणणं ठेवा. आपण कसं लिहितो, यावरच्या निबंधात त्याने तरुण प्राध्यापकांना खवचट सल्ला दिलाय : तुमचं पहिलं पुस्तक मूठभर पंडितांनाच कळेल अशा भाषेत लिहा, मग आयुष्यभर लोकांच्या भाषेत लिहायला मोकळे. स्वतःबद्दलही तो म्हणतो की मला साधं इंग्रजी लिहायची परवानगी आहे, कारण मनात आणलं तर मी गणिती तर्कशास्त्र लिहू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे.

परवानगी! हा शब्द आम्हाला टोचतो. रसेलला परवानगी 'प्रिन्सिपिया'ने दिली. नारळीकरांना ती आपोआप मिळाली असती, म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवून परीक्षा दिली. पण ज्याच्याकडे 'प्रिन्सिपिया' नाही, केंब्रिज नाही, त्याचं काय? तालुक्याच्या गावातली एखादी शिक्षिका ग्रहणावर असा लेख लिहिते की सातवीतल्या मुलाला सावली म्हणजे काय ते पहिल्यांदा कळतं. त्या लेखाला आपण काय म्हणतो? 'माहितीपर'. 'मुलांसाठी उपयुक्त'.

मराठीत वैचारिक लेखनाचा सन्मान झालाच नाही, असं आमचं म्हणणं नाही. उलट साहित्य अकादमीचा मराठीतला पहिलाच पुरस्कार, १९५५ चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ला मिळाला. नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे पुरस्कार देणाऱ्यांनी दरवाजा उघडा ठेवलेला आहे. अडलंय ते समीक्षेपाशी. कादंबरीसाठी आपल्याकडे निवेदक आहे, अवकाश आहे, काळ आहे, आणि कवितेसाठी प्रतिमा, लय वगैरे सगळी अवजारं आहेत. समजावणाऱ्या गद्यासाठी आपल्याकडे दोनच शब्द आहेत : 'सोपी भाषा' आणि 'ओघवती शैली'. कुठलंही परीक्षण काढा, हे दोन शब्द सापडतीलच. आणि ते वाचून पुस्तकाबद्दल काहीही कळत नाही.

परिणाम काय होतो? ज्याने खरंच मेहनतीने क्रम लावला आणि ज्याने नुसतं अवघड ते गाळून टाकलं, दोघांनाही 'सोपी भाषा' हीच पावती मिळते. मग मेहनत कोण घेणार? आज फोनवर, व्हिडिओत, छोट्या लेखांत सगळं जग आपल्याला काही ना काही समजावून सांगतंय. लस, व्याजदर, कायदा, हवामान. यातलं कुठलं समजावणं प्रामाणिक आणि कुठलं नुसतं गुळगुळीत, हे ओळखायचं कसं? आपल्या समीक्षेने ही परख वाचकाला दिलेली नाही.

म्हणून शेवटी एकच विनंती. पुढच्या वेळी असं एखादं पुस्तक किंवा लेख आवडला, आणि कुणाला सांगावासा वाटला, तर 'भाषा सोपी आहे' म्हणून थांबू नका. सुरुवात कुठून केली आणि तिथूनच का, ते सांगा. कुठलं उदाहरण मनात राहिलं, आणि त्याच्या शेजारी लेखकाने काय ठेवलं होतं, ते सांगा. आणि लेखकाने कुठे थांबून म्हटलं की यापुढचं माझं मत आहे, ते शोधा. नाही सापडलं, तर तेही सांगा. रसेलच्या बाबतीत स्टॉकहोमने आणि युनेस्कोने जे सांगायचं ठेवलं, ते निदान आपल्या लेखकांच्या बाबतीत आपण सांगू शकतो.

वेळ बराच झालाय. आता तुमचे प्रश्न घेऊ. आमचं विवेचन कुठे घसरलं असेल, तर तिथूनच सुरुवात करा.